आधी लिहा, मग विचारा

रेडिओडायग्नोसिसच्या, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी पाहून निदान करणाऱ्या रेडिओलॉजी शाखेच्या, पहिल्या वर्षाचे नवे रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) रुजू होतात तेव्हा दरवर्षी मला आनंदही होतो आणि थोडी धास्तीही वाटते. ही शाखा आज पदव्युत्तर (पीजी) प्रवेशाच्या नीट-पीजी परीक्षेच्या गुणवत्ता यादीत फार वर असणाऱ्यांनाच मिळते, त्यामुळे येणारी मुले-मुली हुशार असतात, वाचलेली असतात आणि कामाला कंटाळत नाहीत. मात्र त्यांची हुशारी एका ठरावीक साच्यात घडलेली असते. दोनेक वर्षे त्यांनी चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव केलेला असतो आणि त्या सरावात एक गृहीतक नकळत मुरलेले असते, की समोर ठेवलेल्या चित्रात काहीतरी नक्की आहे आणि त्याचे नाव खालच्या चार ओळींपैकी एकीत छापलेले आहे. वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या एखाद्या ग्रामीण मेडिकल कॉलेजच्या एक्स-रे विभागात सकाळी जी यादी समोर येते तिला हे गृहीतक लागू पडत नाही. तिच्यातल्या बहुतेक फिल्म नॉर्मल असतात, ज्या नसतात त्यांच्यावर तसे लिहिलेले नसते आणि पर्याय तर कोणीच देत नाही.

म्हणून मी शिकवते तिथे पहिल्या आठवड्यापासून एक नियम पाळला जातो. कोणत्याही फिल्मबद्दल किंवा स्कॅनबद्दल सीनियरला विचारण्यापूर्वी रेसिडेंटने स्वतःचे मत निदान दोन ओळींत लिहायचे, खाली नाव आणि वेळ टाकायची, आणि मगच विचारायला यायचे. ‘मॅडम, हे जरा बघता का?’ असे म्हणत कोणी मोकळ्या हाताने आले, तर मी स्क्रीनकडे पाहत नाही. हा नियम काहींना तुसडेपणाचा वाटतो, आणि पहिले दोन महिने तो पाळून घेणे खरोखरच जिवावर येते, कारण सीनियरचा वेळ त्यात जास्त जातो. तरीही रेडिओलॉजीच्या प्रशिक्षणात एकच गोष्ट ठेवायची आणि बाकी सगळे सोडून द्यायचे असे कोणी सांगितले, तर मी हाच नियम ठेवीन.

कारण असे की, जाणत्याने बोट ठेवून दाखवले की ती छाया दिसू लागते, आणि एकदा दिसली की ती आपल्यालाही आधीपासून दिसतच होती असे मन सांगू लागते. या समजुतीपुढे प्रामाणिकपणाही टिकत नाही, कारण दिसल्यानंतर न दिसण्याची अवस्था पुन्हा आठवताच येत नाही. उजव्या फुप्फुसाच्या शिखराजवळ पहिल्या बरगडीआड लपलेला छोटा डाग मी दाखवला, तर समोरची मुलगी मान डोलावते, आणि ती मान खोटी नसते. आपण तो डाग पाहिला नव्हता हे तिला कळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे पाच मिनिटांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली ‘दोन्ही फुप्फुसे स्वच्छ’ ही ओळ. ती ओळ नसेल तर शिकण्यासारखे काही घडलेच नाही. तिने एक फिल्म पाहिली आणि मी एक फिल्म पाहिली, एवढेच.

दिसणे आणि न दिसणे या विषयावर आमच्या शाखेत पुष्कळ काम झाले आहे आणि ते रेसिडेंटांना फिजिक्सच्या आधी वाचायला द्यावे असे माझे मत आहे. लिओ हेन्री गार्लंड या अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टने १९४९ मध्ये छातीच्या सामूहिक तपासणीच्या फिल्मचा अभ्यास मांडला, तेव्हा अनुभवी वाचकांकडूनही दोष असलेल्या फिल्मपैकी जवळपास तिसरा हिस्सा निसटतो असे दिसले होते. त्यानंतर तंत्र कुठल्या कुठे गेले, फिल्म जाऊन मॉनिटर आले, पण डोळा तोच राहिला. कुंडेल आणि नोडाइन यांनी १९७५ मध्ये छातीचे एक्स-रे रेडिओलॉजिस्टना सेकंदाचा पाचवा हिस्सा एवढाच वेळ दाखवले, आणि तेवढ्यातही सुमारे ७० टक्के दोष त्यांनी ओळखले. हवा तेवढा वेळ दिल्यावर हे प्रमाण ९७ टक्क्यांवर गेले. म्हणजे जाणकाराची नजर आधी सगळे चित्र एका घासात घेते आणि मग उरलेले शोधत बसते. नवशिक्याकडे तो पहिला घास नसतो. तो मिळतो फक्त नॉर्मल फिल्म पाहून, भरपूर पाहून, आणि म्हणूनच पहिल्या वर्षातल्या मुलांना एमआरआयच्या खोलीकडे धावू न देता छातीच्या साध्या फिल्मसमोर बसवून ठेवावे लागते. यावरून कुरबूर होते. गुणवत्ता यादीत वर येऊन मिळवलेल्या शाखेत हर्नियाच्या ऑपरेशनपूर्वी काढलेल्या छातीच्या फिल्म मोजत बसायचे का, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. माझे उत्तर ‘होय’ असते.

या अभ्यासांचा उलटा अर्थ काढणारेही असतात. अनुभवाने सगळे आपोआप दिसू लागते, तेव्हा यादी करून पाहण्याची गरज नाही, असे ते म्हणतात. त्यांच्यासाठी २०१३ मधला ड्र्यू, व्हो आणि वुल्फ यांचा प्रयोग आहे. फुप्फुसातल्या गाठी शोधायला दिलेल्या सीटीमध्ये त्यांनी एका गोरिलाचे चित्र घुसवले होते, ते नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठे होते, आणि २४ पैकी २० रेडिओलॉजिस्टना ते दिसले नाही. डोळा त्या जागेवर गेला होता, पण मन गाठी शोधत होते. त्याच वुल्फ यांनी २००५ मध्ये सामान्य लोकांवर केलेल्या प्रयोगात दाखवले होते की शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तर ती निसटण्याचे प्रमाण ७ टक्के असते, आणि शंभरात एकाच चित्रात असेल तर ते ३० टक्क्यांवर जाते. प्रवेश परीक्षेचा सराव आणि प्रत्यक्ष काम यांतले अंतर यापेक्षा चांगल्या रीतीने मला कधीच सांगता आले नाही. परीक्षेत प्रत्येक चित्रात आजार असतो, आणि आमच्या सकाळच्या यादीत तो कुठेतरी एकात असतो.

तेव्हा पहिला घासही हवा आणि त्यानंतरची सावकाश फेरीही हवी. फुप्फुसांची शिखरे, हृदयामागची जागा, छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखालचा भाग, बरगड्या, खांद्याची हाडे, त्वचेखालचा भाग, असा क्रम ज्याने त्याने आपला ठरवावा, पण तो रोज तोच असावा. क्षयाची मोठी पोकळी दिसली की नजर तिथेच थांबते, आणि त्याच फिल्ममधल्या, आजाराने खाल्लेल्या बरगडीकडे जात नाही. एक सापडले की शोध संपल्याचे समाधान वाटते आणि ते समाधान आमच्या व्यवसायातला जुना शत्रू आहे. पोकळी सापडल्यानंतरच फेरी पुन्हा सुरुवातीपासून घ्यायची, हे मी सांगते तेव्हा मुले लिहून घेतात, आणि पाळू लागायला त्यांना वर्ष लागते.

लिहिलेले मत आणि अंतिम रिपोर्ट शेजारी ठेवल्यावर चूक दिसते, पण चूक दिसणे पुरेसे नसते. ती कोणत्या जातीची आहे हे पाहावे लागते, कारण इथे शिकवणारे आणि शिकणारे दोघेही घाई करतात. दोष दिसलाच नाही, ही एक जात. दिसला, पण बरगडीची कूर्चा (टोकाचे मऊ हाड) असेल म्हणून सोडून दिला, ही दुसरी. दिसला, मान्य केला, पण नाव चुकीचे दिले, ही तिसरी. अर्धी छाती पांढरी दिसते, आणि श्वासनलिका त्याच बाजूला ओढली गेली आहे याकडे दुर्लक्ष करून रेसिडेंट ‘पाणी भरले आहे’ असे लिहितो. पाणी असते तर नलिका दुसऱ्या बाजूला ढकलली गेली असती. ओढली गेली आहे म्हणजे फुप्फुस आक्रसले आहे, आणि त्या रिपोर्टवर विश्वास ठेवून वॉर्डातल्या कोणी छातीत नळी घातली तर काय होईल हे त्याला तिथेच सांगावे लागते. चौथी जात सर्वांत दुःखद आहे. सगळे बरोबर दिसले, बरोबर लिहिले, पण ते वेळेत पोहोचले नाही. फुप्फुसाभोवती हवा भरल्याचा रिपोर्ट दुपारी टाइप झाला आणि वॉर्डात कोणी फोनच केला नाही.

यांतल्या प्रत्येक जातीचा उपाय वेगळा आहे. पहिलीसाठी पाहण्याची शिस्त आणि पुरेशी झोप हवी, दुसरीसाठी जुनी फिल्म काढून शेजारी लावण्याची सवय, तिसरीसाठी पुस्तक, आणि चौथीसाठी टेलिफोन. आमच्याकडे मात्र चारही जातींवर एकच औषध दिले जाते, ‘जा, वाचून ये’. रात्रपाळीनंतर सलग फिल्म पाहणाऱ्या मुलाला ग्रंथालयात पाठवून त्याला बरगडीआडचा डाग दिसू लागणार नाही.

इथपर्यंत जे लिहिले ते मुंबईतही लागू पडेल. पण विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात शिकणाऱ्याला एक गोष्ट शहरापेक्षा जास्त मिळू शकते, आणि ती आम्ही बहुधा वाया घालवतो. सेवाग्रामला १९६९ मध्ये देशातले पहिले ग्रामीण मेडिकल कॉलेज सुरू झाले. तिथे एमबीबीएसची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी त्या गावात राहतात आणि घरोघरी जातात. या परंपरेचा आमच्या भागाला अभिमान आहे आणि तो असावाही. तरीही गावाशी नाते हा विषय कम्युनिटी मेडिसिनवाल्यांचा, आणि रेडिओलॉजी म्हणजे पडदे लावलेल्या थंड खोलीतला विषय, अशी वाटणी कोणी न सांगता झालेली आहे. माझ्या मते ही वाटणी चुकीची आहे. आमच्या रिपोर्टमधला निम्मा शहाणपणा रुग्ण कोणत्या गावचा आहे यातून येतो.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण शिकवताना मी याचाच आधार घेते. साठीचा शेतकरी कंबरदुखीसाठी येतो आणि एक्स-रेमध्ये मणके आणि कटीची हाडे खडूसारखी पांढरी दिसतात. परीक्षेची तयारी करून आलेला मुलगा तत्काळ प्रोस्टेटच्या कर्करोगाचा हाडांत झालेला प्रसार असे लिहितो, आणि वय, लिंग व फिल्म पाहता ते वावगेही नाही. पण फॉर्मवर गाव लिहिलेले असते, आणि रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतो. ‘बाबा, गाव कोणतं तुमचं? पाणी विहिरीचं पिता की बोअरचं?’ एवढे विचारायला उठून दहा पावले जावे लागते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मान्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. त्याहून बरेच अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की हाडे दाट होतात आणि अस्थिबंधांत चुना साठतो. अशा वेळी हाताच्या पुढच्या भागाची एक साधी फिल्म मागवावी. तिथल्या दोन हाडांमधला पडदा चुन्याने भरलेला दिसला, की अस्थिफ्लोरोसिसचे निदान पुष्कळसे पक्के होते. तरी रक्ताची पीएसए ही प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची तपासणी करायची ती करायचीच, कारण फ्लोराइडच्या गावातल्या माणसाला कर्करोग होणार नाही अशी हमी कोणी दिलेली नाही. पण पहिली शक्यता कोणती आणि दुसरी कोणती हा क्रम बदलतो, आणि त्यावर तो माणूस आज नागपूरला कर्करोगाच्या धास्तीने जातो की गावच्या पाण्याची तपासणी होते हे ठरते.

सिकलसेलचे, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचेही असेच आहे. पूर्व विदर्भात तो इतका आढळतो की विशीतला मुलगा खुब्याच्या दुखण्याने आला की मांडीच्या हाडाचे डोके रक्तपुरवठ्याअभावी खचले आहे का, हे आधी पाहायचे, आणि सोनोग्राफीत प्लीहा लहान दिसली किंवा दिसलीच नाही तर प्रोब खाली ठेवून घरात कोणाला सिकल आहे का ते विचारायचे. मणक्यांच्या कडा मधोमध चौकोनी दबलेल्या दिसणे हे चिन्ह या मुलांनी पुस्तकात दुर्मीळ म्हणून पाठ केलेले असते. इथे ते दुर्मीळ नाही.

खर्ऱ्याबद्दल तर वेगळा लेख लिहावा लागेल. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून मिळणारा खर्रा विदर्भात सर्वत्र खाल्ला जातो, आणि गालाच्या आतल्या कर्करोगाचे सीटी आमच्या यादीत नेहमी असतात. गाल आणि हिरडी एकमेकांना चिकटलेले असताना स्कॅन केला तर गाठ नेमकी कुठून उगवली हे कळत नाही, म्हणून रुग्णाने तोंडात हवा भरून गाल फुगवून धरायचे असतात. हे वाक्य प्रत्येक रेसिडेंटला पाठ असते. पण ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही त्याला गाल फुगवायला शिकवणे हे टेक्निशियनवर सोपवून चालत नाही. रेसिडेंटने गॅन्ट्रीजवळ, म्हणजे सीटीच्या गोल यंत्राजवळ, उभे राहून स्वतः गाल फुगवून दाखवायचा, दोनदा सराव करून घ्यायचा आणि मग कन्सोलकडे जायचे. चांगला रिपोर्ट तिथे सुरू होतो. खराब स्कॅनवर कितीही हुशारीने लिहिले तरी सर्जनला हवे ते उत्तर त्यात नसते.

भाषेची अडचण इथेच येते. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या पीजी जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळे राजस्थान, केरळ, आंध्र अशा ठिकाणची मुले आमच्याकडे असतात. ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ एवढे मराठी त्यांना आठवड्यात येते आणि पुष्कळांचे तिथेच थांबते. समोरची आजी मात्र ‘तीन दिवसांपासून पोट दुखून राह्यलं जी’ असे सांगत असते, आणि दुखणे कुठून सुरू होऊन कुठे सरकले हे तिच्याच तोंडून काढावे लागते, कारण फॉर्मवर फक्त ‘पोटदुखी’ लिहिलेले असते, कधी तेही नसते. सोनोग्राफीत प्रोब हातात आणि रुग्ण समोर असतो, ही केवढी मोठी सोय आहे. जिथे सर्वांत दुखते तिथेच प्रोब दाबून ‘इथंच का, आजी?’ असे विचारता येते. सीटीच्या डॉक्टरला ही सोय नसते. बाहेरून आलेल्या मुलांना मी पहिल्या वर्षी सोनोग्राफीला जास्त दिवस ठेवते ते यासाठी. त्यांतली काही दोन वर्षांत अशी वऱ्हाडी बोलू लागतात की आम्हीच ऐकत राहावे.

नुसते लिहून आणि विचारून काम पुरे होत नाही, कारण सीनियरचे मत हे अंतिम सत्य नव्हे. मी दिलेले उत्तर बरोबर होते की नाही हे ऑपरेशन, बायोप्सी, औषधाचा परिणाम किंवा सहा महिन्यांनंतरची फिल्म ठरवते. म्हणून प्रत्येक रेसिडेंटने एक वही ठेवावी असा माझा आग्रह असतो. तिच्यात रुग्णाचे नाव लिहायचे नाही, फक्त नोंदणी क्रमांक, स्वतः काय लिहिले होते ते, आणि पुढे काय निघाले ते. तिसरा रकाना भरण्यासाठी वॉर्डात जावे लागते, कधी ऑपरेशन थिएटरमध्ये डोकावावे लागते, कधी पॅथॉलॉजीत चक्कर मारावी लागते. शहरात स्कॅन एका खासगी केंद्रावर होतो, ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलात, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला पुढचे काही कळत नाही. घरबसल्या दूरच्या शहरातले स्कॅन वाचणाऱ्यांची स्थिती तर याहून वाईट आहे. त्यांनी हजारो रिपोर्ट लिहिले तरी कोणता बरोबर निघाला हे त्यांना कोणीच सांगत नाही. आमच्याकडे सर्जरीचा रेसिडेंट रात्री त्याच मेसमध्ये जेवायला असतो. अपेंडिक्स खरोखर फुटले होते का, हे पोळी तोडता तोडता कळते.

ही वही पूर्ण भरत नाही, हेही खरे आहे. पेरणीच्या दिवसांत बरे वाटताच रुग्ण सुट्टी मागून निघून जातो, कोणी नागपूरला मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजात) जातो, कोणी बाबाकडे जातो. तिसरा रकाना रिकामा राहिलेल्या नोंदी पुष्कळ असतात आणि त्यांबद्दल मी रागावत नाही. मला राग येतो तो तिसरा रकाना भरायला निघालेल्या मुलाला ‘तुझं काम रिपोर्ट टाकायचं, वॉर्डात काय करतोस?’ असे विचारणाऱ्यांचा.

वही ठेवू लागल्यावर रिपोर्टची भाषाही बदलते. ‘क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक’ हे शब्द पहिल्या वर्षाच्या मुलांना मी वापरू देत नाही. कशाशी ताडून पाहायचे ते लिहायचे. पांढऱ्या पेशी पाहायच्या का, थुंकी तपासायची का, सहा आठवड्यांनी पुन्हा फिल्म काढायची का, आणि त्यातून काय निघाले तर आपले मत बदलेल, हे सांगता येत नसेल तर त्या तीन शब्दांचा उपयोग फक्त लिहिणाऱ्याला आहे. शक्यतांची यादीही तिनांच्या पुढे जाऊ नये, आणि पहिली शक्यता पहिली का आहे याचे कारण त्याच वाक्यात असावे. सात आजारांची नावे लिहिणारा कधीच चुकत नाही आणि त्याच्या रिपोर्टचा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला काही उपयोगही होत नाही.

जिल्हा रुग्णालयातले तीन महिने आता प्रत्येक पीजीला सक्तीचे आहेत आणि पुष्कळ मुले ते शिक्षेसारखे काढतात. माझा अनुभव असा की परत आलेली मुले बदललेली असतात. तिथे मागे फिरून विचारायला सीनियर जवळ नसतो, सोनोग्राफीची रांग दाराबाहेर गेलेली असते, आणि मध्येच पोलीस शिपाई वय ठरवण्यासाठी एका मुलीला घेऊन येतो. कोपर, मनगट आणि कटीच्या फिल्मवरून दिलेले ते मत न्यायालयात जाणार असते. ‘सतरा ते एकोणीस’ असे लिहून खाली सही करताना हात का थबकतो हे वर्गात शिकवता येत नाही.

सहीचा विषय निघाला म्हणून गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याबद्दलही बोलायला हवे. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ मध्ये देशात सर्वांआधी केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीला फॉर्म ‘एफ’ हा तिच्या माहितीचा आणि तपासणीच्या नोंदीचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्यातली त्रुटी हाही कायद्याचा भंग समजला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही तरतूद कायम ठेवली. रेडिओलॉजिस्टांच्या बैठकांत यावर बराच त्रागा ऐकू येतो आणि कारकुनी चुकीसाठी मशीन सील होण्याची भीती निराधारही नाही. पण त्यावर उपाय म्हणून फॉर्म कारकुनाकडे सोपवून आपण फक्त सही करायची, ही पद्धत रेसिडेंटांनी आमच्याकडून शिकू नये. तो फॉर्म स्वतः भरावा. समोरच्या बाईला आधी किती मुले आहेत हे लिहिताना डोळे वर करून तिच्याकडे पाहिले जाते, आणि तिच्या सासूकडेही.

फिल्म वाचणाऱ्या यंत्रांबद्दल, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल, विचारल्याशिवाय आता कोणी राहत नाही. त्या क्षेत्रातले संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये म्हटले होते की रेडिओलॉजिस्ट तयार करणे आता थांबवावे. आम्ही अजून तयार करत आहोत आणि काम कमी झालेले नाही. तरी संगणकाची मदत खोटी नाही. छातीच्या एक्स-रेवरून क्षयाची चाळणी करण्यासाठी १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींमध्ये फिल्म वाचणारी संगणक प्रणाली वापरावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली, आणि जिथे फिल्म वाचायला कोणीच नाही अशा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात तिचा मोठा उपयोग आहे. शिकणाऱ्याच्या बाबतीत माझी अट मात्र तीच आहे. प्रणालीने लाल चौकट काढून दाखवणे आणि सीनियरने बोट ठेवणे यांत शिकण्याच्या दृष्टीने काही फरक नाही. चौकट आधी दिसली तर डोळा चौकटीबाहेर जात नाही, आणि चौकट नसली तर फिल्म नॉर्मल मानली जाते. पहिल्या वर्षी ती बंद ठेवावी, दुसऱ्या वर्षी आपले मत लिहून झाल्यावर चालू करावी, आणि दोघांचे जुळले नाही ती प्रकरणे वहीत घ्यावीत. यंत्र कुठे हमखास चुकते हे ज्या मुलीला आपल्या वहीवरून सांगता येईल, तिच्या हाती ते यंत्र सुरक्षित आहे.

रात्रपाळीबद्दल एक गोष्ट शिकवणाऱ्यांसाठी लिहिते. आधी लिहा या नियमाला दुसरी बाजू आहे, ती म्हणजे लिहून झाल्यावर विचारणाऱ्याला रात्री दोनला फोन करता आला पाहिजे. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला गेलेल्या माणसाला अस्वलाने ओरबाडलेले असते, चेहऱ्याच्या हाडांचा चुरा झालेला असतो, किंवा घोणस चावल्यावर बेशुद्ध झालेल्या बाईच्या मेंदूत रक्तस्राव आहे का हे पाहायचे असते, आणि ड्युटीवर दुसऱ्या वर्षाची एकच मुलगी असते. तिने लिहून ठेवलेले असते, पण खात्री नसते. अशा वेळी पलीकडून जांभई आणि वैताग ऐकू आला की पुढच्या वेळी ती फोन करत नाही, आणि तिला फोन करावासा वाटला होता हे नंतर कोणाला कळतही नाही. रात्रीच्या फोनवर रागावणारे शिक्षक मी अनेक विभागांत पाहिले आहेत. त्यांतले बहुतेक सकाळी ‘मला का नाही विचारलं?’ म्हणूनही रागावतात.

आता परीक्षा. तीन वर्षांच्या शेवटी जी प्रात्यक्षिक परीक्षा होते तिच्यात स्पॉटर, म्हणजे झटपट ओळखायची चित्रे, असतात, काही मोठ्या केस असतात आणि तोंडी प्रश्न असतात. स्पॉटर म्हणजे पुन्हा तेच, प्रत्येक चित्रात आजार. लॉगबुक, म्हणजे उमेदवाराच्या कामाची नोंदवही, तपासायचे असते, पण ते शेवटच्या महिन्यात एका बैठकीत भरले आणि सही केलेले असते हे परीक्षकांना ठाऊक असते, कारण त्यांच्या कॉलेजातही तसेच होते. परीक्षक म्हणून जाते तेव्हा मी दोन बदल करून पाहते, जेवढे सहपरीक्षक करू देतील तेवढे. स्पॉटरमध्ये तीन-चार पूर्ण नॉर्मल फिल्म मिसळते, आणि तोंडी परीक्षेत उमेदवाराला त्याच्या स्वतःच्या एखाद्या केसबद्दल विचारते, जिच्यात त्याने लिहिलेले एक आणि पुढे निघाले दुसरेच. नॉर्मल फिल्मवर हुशार मुलेही घाम पुसत काहीतरी शोधून काढतात. दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक गप्प होतात, आणि मग कोणीतरी विचारते, ‘मॅडम, हे सिलॅबसमध्ये आहे का?’ सहपरीक्षकांपैकी काहींचेही तेच म्हणणे असते, त्यामुळे त्या प्रश्नाला गुण किती द्यायचे यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.